जुन्या काळाने पाहिलेलं भविष्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी काढलेली 'सन २०००'ची चित्रं समोर आली की पहिला प्रश्न हमखास येतो: किती खरं ठरलं? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर खाली दिलं आहे. पण माझ्या मते या चित्रांमधला खरा ऐवज दुसरीकडे आहे. काय बदलेल हे चित्रकाराने मुद्दाम दाखवलेलं असतं. काय कधीच बदलणार नाही असं तो गृहीत धरून चालला होता, ते मात्र त्याच्या नकळत चित्रात उतरतं. त्याचा काळ खरा कळतो तो तिथे. पुढची उत्तरं याच नजरेने लिहिली आहेत.

माणसं भविष्याची चित्रं कधीपासून रंगवू लागली?

पुढे काय होणार ही उत्सुकता पुरातन आहे. पण पुढचा काळ आजच्याहून वेगळा असेल आणि तो माणसंच घडवतील, ही कल्पना रुजून जेमतेम अडीचशे वर्षं झाली आहेत. त्याआधी आदर्श समाज रंगवायचा असेल तर लेखक तो एखाद्या दूरच्या बेटावर वसवत. थॉमस मोरने १५१६ मध्ये तेच केलं. १७७१ मध्ये लुई-सेबास्तियां मर्सिए या फ्रेंच लेखकाने तो समाज बेटावरून हलवून काळात पुढे नेला. त्याचा नायक झोपी जातो आणि जागा होतो तो सन २४४० च्या पॅरिसमध्ये. शहर तेच आहे, पण बास्तीय तुरुंग जमीनदोस्त झालाय आणि गुलामगिरी संपली आहे. यंत्रांना या पुस्तकात फारसं स्थान नाही. मर्सिएला बदलायची होती ती समाजाची घडी.

पुढे अठराच वर्षांत, १७८९ मध्ये, खरा बास्तीय पडला. आणि मर्सिएच्या २४४० मध्ये फ्रान्सच्या गादीवर अजून राजाच बसलेला आहे! तुरुंग नसलेलं पॅरिस त्याला कल्पिता आलं, राजा नसलेलं आलं नाही.

हा बदल अठराव्या शतकातच का झाला? पृथ्वीचा नकाशा भरत आला होता, त्यामुळे अज्ञात बेटं ठेवायला जागा कमी उरली होती. शिवाय एकाच आयुष्यात जग पालटताना दिसू लागलं होतं. आजोबांचं आणि नातवाचं जगणं सारखंच असेल, तर नातवाच्या नातवाचं जगणं वेगळं असेल असं कोणाला कशाला सुचेल?

त्याआधीच्या लोकांना भविष्य कसं दिसायचं?

बहुतेक ठिकाणी उतरणीचं. चांगला काळ मागे राहिला आणि पुढे घसरण आहे, अशी धारणा होती. ग्रीक कवी हेसिअडने मानवजातीची पाच युगं सांगितली आणि स्वतःचं लोहयुग सर्वांत वाईट ठरवलं. जन्मलेल्या बाळांच्या कानशिलावरचे केस पांढरे असतील तेव्हा या पिढीचा अंत होईल, असं तो म्हणतो.

भागवताच्या बाराव्या स्कंधातलं कलियुगाचं वर्णन याच जातीचं आहे, आणि ते फार बारकाईने केलेलं आहे. माणसाचं कूळ, आचार, गुण हे सगळं केवळ पैशावरून ठरेल. केस राखणं हेच सौंदर्य मानलं जाईल. दूरचं पाणी असलं की तेच तीर्थ समजलं जाईल. वाचताना जाणवतं की लिहिणारा आपल्याच आजूबाजूला पाहून वैतागलेला आहे आणि तो वैताग त्याने भविष्यकाळात मांडला आहे. कलियुग ४,३२,००० वर्षांचं आणि त्यानंतर पुन्हा सत्ययुग, असा हा फेरा आहे. त्यात घसरण कायमची नसते, पण माणसाने काही शोध लावून ती थांबवावी अशीही सोय नसते.

वेगळा सूर लावणारे थोडे होते. तेराव्या शतकात रॉजर बेकन या इंग्लिश भिक्षूने लिहून ठेवलं की वल्ही मारणाऱ्यांशिवाय चालणारी जहाजं, जनावरांशिवाय धावणाऱ्या गाड्या आणि उडणारी यंत्रं बनवणं शक्य आहे. घोडागाडीच्या जमान्यात हे लिहायला मोठीच हिंमत लागली असेल.

भविष्यवाणी आणि ही चित्रं यांत फरक काय?

भविष्यवाणी सहसा संदिग्ध असते आणि त्यामुळेच टिकते. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे: इराणवर चढाई केलीस तर एक मोठं साम्राज्य लयाला जाईल, असा कौल डेल्फीच्या देवळातून क्रीसस राजाला मिळाला. तो लढला, आणि लयाला गेलं ते त्याचंच राज्य. कौल दोन्ही बाजूंनी खराच ठरणार होता. ज्या चित्रांबद्दल आपण इथे बोलतोय, ती तारीख, ठिकाण आणि तपशील देतात, म्हणून साफ चुकू शकतात. मला ती भविष्यवाणीपेक्षा प्रामाणिक वाटतात ती यामुळे.

इंटरनेटवर फिरणारी ती फ्रेंच चित्रं खरी आहेत का?

हो, खरी आहेत. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाच्या सुमारास झां-मार्क कोते आणि इतर काही चित्रकारांनी 'सन २०००' या विषयावर चित्रमालिका काढली. तिच्यातली ८० हून अधिक चित्रं आज माहीत आहेत. विज्ञानकथालेखक आयझॅक अॅसिमॉव्हने १९८६ मध्ये ती आपल्या टिपणांसह पुस्तकरूपाने छापली आणि मग ती जगभर पोहोचली.

यातलं शाळेचं चित्र सावकाश पाहण्यासारखं आहे. मुलं बाकांवर बसली आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर टोपीसारखं यंत्र आहे आणि त्यातून निघालेल्या तारा वर जातात. एका बाजूला मास्तर मोठ्या चरकात पुस्तकं टाकताहेत. पुस्तकं दळली जाऊन त्यांतलं ज्ञान विजेच्या तारांमधून मुलांच्या कानांत उतरतंय. हा चरक चालतो कशाने? एक मुलगा हाताने दांडा फिरवतोय! ज्ञान तारेतून पोहोचवणारी वीज आहे, पण दांडा फिरवायला माणूसच लागतो. वर्गही १९०० सालचाच आहे: मास्तर उभे, मुलं रांगेत गप्प, शिकणं म्हणजे डोक्यात काहीतरी ओतून घेणं.

दुसऱ्या एका चित्रात विजेवर फरशी घासणारं यंत्र आहे. ब्रश आणि झाडू आपोआप फिरतात. यंत्राची मूठ धरून उभी आहे ती पांढऱ्या एप्रनमधली मोलकरीण. उडणारे अग्निशामक आहेत, त्यांच्या पाठीला वटवाघळासारखे पंख आहेत. देवमाशाच्या पोटाखाली बांधलेली पाण्याखालची बस आहे. आणि सगळ्यांच्या अंगावर कपडे मात्र १९०० चे, अगदी मिशांसकट.

शेवटी किती अंदाज बरोबर निघाले?

सरसकट आकडा सांगता येत नाही, पण डिसेंबर १९०० मध्ये 'लेडीज होम जर्नल' या अमेरिकन मासिकात आलेल्या जॉन एल्फ्रेथ वॉटकिन्सच्या लेखावरून अंदाज येतो. पुढच्या शंभर वर्षांत काय होईल याची त्याने यादीच दिली होती. छायाचित्रं कितीही अंतरावर तारेने पाठवता येतील. चीनमध्ये लढाई झाली तर तिची चित्रं तासाभरात वर्तमानपत्रांत छापली जातील. अटलांटिकच्या मध्यावर असलेला नवरा शिकागोतल्या घरी बसलेल्या बायकोशी बिनतारी फोनवर बोलेल. शिजवलेलं अन्न तयार विकत मिळेल. अमेरिकन माणसाची उंची एक-दोन इंचांनी वाढेल. हे सगळं घडलं.

त्याच लेखात डास आणि माश्या नाहीशा होतील असंही आहे. स्ट्रॉबेऱ्या सफरचंदाएवढ्या होतील, आणि इंग्रजी वर्णमालेतून सी, एक्स आणि क्यू ही अक्षरं गळून पडतील.

बरोबर निघालेल्या गोष्टी बहुतांशी अंतर मिटवणाऱ्या आहेत: तार, फोन, छायाचित्र. या गोष्टी १९०० मध्ये बाल्यावस्थेत का होईना, होत्या. हातात असलेली वस्तू पुढे किती जाईल याचा अंदाज माणसाला बऱ्यापैकी येतो. फसगत होते ती निसर्ग आणि माणसांच्या सवयी आपल्या सोयीने बदलतील असं मानल्यामुळे.

सर्वांत नेमका अंदाज कोणाचा?

माझं मत आर्थर सी. क्लार्क या विज्ञानकथालेखकाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात त्याने दाखवून दिलं की विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवरचा उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसेल, आणि असे तीन उपग्रह ठेवले तर जवळपास साऱ्या पृथ्वीवर संदेश पोहोचवता येतील. १९६४ मध्ये असा पहिला उपग्रह त्या कक्षेत गेला. हा अंदाज गणितावर उभा होता, म्हणून टिकला.

पण याही लेखात चूक आहे आणि ती मला त्याच्या यशाइतकीच मोलाची वाटते. क्लार्कच्या मनात होती ती माणसं राहतील अशी अवकाशस्थानकं. तेव्हाची रेडिओ यंत्रं काचेच्या व्हॉल्व्हवर चालत, व्हॉल्व्ह वरचेवर जात आणि ते बदलायला कोणीतरी हवंच होतं. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९४७ मध्ये व्हॉल्व्हचंच काम करणारा छोटा, टिकाऊ ट्रान्झिस्टर बनला आणि अवकाशातल्या त्या दुरुस्ती कामगाराची गरजच उरली नाही.

ज्यूल व्हर्नने चंद्रमोहीम शंभर वर्षं आधी ओळखली होती ना?

अर्धवट. १८६५ च्या त्याच्या कादंबरीत तीन माणसं फ्लोरिडातून चंद्राकडे निघतात. १९६९ मध्ये अपोलो ११ ची तीन माणसंही फ्लोरिडातूनच निघाली. पण व्हर्न त्यांना २७४ मीटर लांबीच्या तोफेतून डागतो. एवढ्या कमी अंतरात सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग गाठायचा तर गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून जास्त दाब अंगावर येईल. प्रवासी नळी सोडण्याआधीच चिरडले जातील. फ्लोरिडा निवडण्यामागे मात्र त्याचा खरा भौगोलिक विचार होता: चंद्र थेट डोक्यावर येईल असं ठिकाण त्याला अमेरिकेत हवं होतं. प्रत्यक्षातली कारणं वेगळी होती. विषुववृत्ताच्या जवळ पृथ्वीच्या फिरण्याचा वेग जास्त आयता मिळतो आणि पूर्वेला मोकळा समुद्र आहे.

व्हर्नचं दुसरं पुस्तक मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १८६३ मध्ये त्याने १९६० च्या पॅरिसवर कादंबरी लिहिली. इंधनवायूवर धावणाऱ्या गाड्या, तारेने पाठवलेली कागदपत्रांची नक्कल, आणि कवितेला काडीची किंमत नसलेल्या जगात उपाशी राहणारा कवी असं त्यात आहे. प्रकाशकाने हस्तलिखित नाकारलं. ते छापून आलं १९९४ मध्ये.

शास्त्रज्ञांचे अंदाज लेखकांपेक्षा बरे असतात का?

नेहमी नाही. फुगे सोडले तर हवेतल्या प्रवासावर माझा कणभरही विश्वास नाही, असं लॉर्ड केल्व्हिन या भौतिकशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये कळवलं होतं. एच. जी. वेल्स हा कादंबरीकार. त्याने १९०१ मध्ये लिहिलं की बहुधा १९५० च्या आत विमान उडून सुखरूप परत येईल. राइट बंधू १७ डिसेंबर १९०३ लाच उडाले. म्हणजे आशावादी माणसाचाही अंदाज जवळपास अर्ध्या शतकाने कमी पडला. त्याच पुस्तकात वेल्स म्हणतो की पाणबुडी आपल्याच लोकांना गुदमरवून बुडेल, याखेरीज ती काही करेल असं मला दिसत नाही. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी काय केलं ते सर्वांना माहीत आहे.

अणुऊर्जेचा किस्सा याहून थरारक आहे. १९१४ च्या कादंबरीत वेल्सने विमानातून टाकलेले 'अणुबाँब' दाखवले. लिओ सिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने ती १९३२ मध्ये वाचली. ११ सप्टेंबर १९३३ ला अणूतून ऊर्जा काढण्याच्या गप्पा म्हणजे निव्वळ भ्रम आहे, असं अर्नेस्ट रदरफर्डने जाहीर सभेत सांगितलं. दुसऱ्या दिवशी सिलार्डने वर्तमानपत्रात ते वाचलं आणि लंडनमध्ये फिरताना साखळी अभिक्रियेची, म्हणजे एक अणू फुटला की त्यातून पुढचे अणू फुटत जाण्याची, कल्पना त्याला सुचली. २ डिसेंबर १९४२ ला शिकागोत ती प्रत्यक्षात आली. अणूच्या गाभ्याविषयी जगात सर्वांत जास्त जाणणारा माणूस 'नाही' म्हणाला होता.

उडत्या गाड्या का आल्या नाहीत?

त्या आल्या होत्या. मोल्टन टेलर या अमेरिकन अभियंत्याची 'एरोकार' १९४९ मध्ये उडाली आणि १९५६ मध्ये तिला सरकारी मान्यताही मिळाली. मोजक्याच बनल्या. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मजबूत आणि जड असावं लागतं, उडणारीला हलकं. दोन्ही साधायचं तर दोन्हीकडे तडजोड होते. रस्त्यात गाडी बंद पडली तर ती उभी राहते, हवेत बंद पडली तर खाली येते. त्यात आवाज, उतरायला लागणारी जागा, आणि जमिनीवरून उचलून धरायला लागणारी अफाट ऊर्जा. ही कारणं १९५० मध्येही सर्वांना ठाऊक होती. चित्रकारांनी ती बाजूला ठेवली, कारण वाहतुकीच्या कोंडीतून अलगद वर उचललं जाण्याची इच्छा फार खोल होती.

संगणक आणि मोबाइल कोणालाच कसे दिसले नाहीत?

दिसले, तुकड्यातुकड्यांत. आल्बेर रोबिदा या फ्रेंच चित्रकाराने १८८३ मध्येच १९५२ सालच्या घरात भिंतीवरचा पडदा दाखवला होता. त्यावर नाटक दिसतं, दूरच्या बातम्या दिसतात, परगावचं माणूसही दिसतं. एडवर्ड बेलामीच्या १८८८ च्या कादंबरीत सन २००० मधले लोक रोख पैशाऐवजी 'क्रेडिट कार्ड' वापरतात आणि टेलिफोनच्या तारेवरून घरबसल्या संगीत ऐकतात. १९०९ मध्ये ई. एम. फॉर्स्टरने आपापल्या खोलीत एकटं बसून पडद्यावर एकमेकांशी बोलणारी माणसं रंगवली. बिनतारी तंत्र पूर्णत्वाला गेलं की सारी पृथ्वी एक प्रचंड मेंदू होईल आणि ते साधन माणूस खिशात घेऊन फिरेल, असं निकोला टेस्ला १९२६ मध्ये म्हणाला. पॉल ओत्ले या बेल्जियन ग्रंथपालाने १९३४ मध्ये दूरच्या ग्रंथालयातलं पान घरच्या पडद्यावर मागवण्याची कल्पना मांडली.

हुकलं ते यंत्राचं लहान होणं आणि स्वस्त होणं. 'पॉप्युलर मेकॅनिक्स' मासिकाने १९४९ मध्ये लिहिलं की एनिअॅक या आजच्या संगणकात १८,००० व्हॉल्व्ह आहेत आणि वजन ३० टन, पण पुढच्या संगणकांत कदाचित १,००० च व्हॉल्व्ह असतील आणि वजन फक्त दीड टन. लिहिणाऱ्याची दिशा अगदी बरोबर होती. वीसपट घट हाच त्याला धाडसी अंदाज वाटला.

यंत्र तयार असूनही लोकांना ते नको असतं, असंही घडतं. चेहरा दाखवणारा फोन १९६४ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात मांडला गेला आणि १९७० मध्ये पिट्सबर्गमध्ये त्याची सेवा सुरू झाली. ती चालली नाही. महाग होती, आणि मुख्य म्हणजे समोरच्याकडे तसा फोन नसेल तर आपल्याकडे असून उपयोग शून्य.

सर्वांत मोठा फसलेला अंदाज कोणता?

फुरसतीचा. याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण या एका चुकीची झळ आपल्याला रोज लागते.

१९३० मध्ये, जागतिक मंदी सुरू झालेली असताना, जॉन मेनार्ड केन्स या अर्थशास्त्रज्ञाने नातवंडांच्या काळाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. शंभर वर्षांत प्रगत देशांतलं राहणीमान चार ते आठपट होईल आणि लोकांना आठवड्याला पंधरा तासांचं काम पुरेल, असा त्याचा अंदाज होता. पैशाचा प्रश्न सुटल्यावर मोकळ्या वेळाचं करायचं काय, ही त्याला माणसापुढची खरी अडचण वाटत होती. बेलामीच्या सन २००० मध्ये तर माणसं पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होतात. १९६४ मध्ये २०१४ सालाविषयी लिहिताना अॅसिमॉव्हनेही कंटाळा हा मोठा रोग होईल असं म्हटलं.

केन्सचा पहिला अर्धा अंदाज खरा ठरला. श्रीमंत देश १९३० च्या चारपट कधीच ओलांडून गेले. कामाचे तास काही काळ उतरले आणि मग पंधराच्या आसपासही न जाता थांबले. याची उत्तरं अनेक दिली जातात: गरजा वाढत गेल्या, शेजाऱ्याच्या बरोबरीने राहण्याची ओढ सुटली नाही, वाढलेल्या उत्पन्नाची वाटणी सारखी झाली नाही. माझ्या मते शेवटचं कारण सर्वांत वजनदार आहे. यंत्राने वाचवलेला वेळ कोणाच्या पदरात पडायचा, हे यंत्र ठरवत नाही. जुन्या चित्रांनी यंत्र दाखवलं, मोकळा माणूस दाखवला, आणि या दोहोंमधला व्यवहार वगळला.

या चित्रांमध्ये बायका कुठे असतात?

बहुधा तिथेच, जिथे त्या आधी होत्या. फ्रेंच चित्रातली मोलकरीण वर आलीच आहे. १९५९ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकन प्रदर्शनात भविष्याचं 'चमत्कारी स्वयंपाकघर' मांडलं होतं: फरशी पुसणारं यंत्र आपोआप फिरतं आणि नियंत्रणफलकासमोर गृहिणी बसते. १९६७ मध्ये फिल्को-फोर्ड कंपनीने १९९९ सालचं घर दाखवणारा लघुपट काढला. त्यात बायको घरातल्या पडद्यावर कपडे पसंत करते, खरेदी करते. आणि नवरा आपल्या वेगळ्या पडद्यावर त्या खरेदीचे पैसे चुकते करतो. ऑनलाइन खरेदी तीस वर्षं आधी अचूक ओळखली. बाईचे स्वतःचे पैसे असतील, हे मात्र दिसलं नाही.

ज्यांना दिसलं त्यांचीही नावं घ्यायला हवीत. जेन वेब या विशीतल्या इंग्लिश तरुणीने १८२७ मध्ये सन २१२६ वर कादंबरी लिहिली. तिच्यातल्या दरबारी स्त्रिया पायजमे घालतात आणि शस्त्रक्रिया वाफेवरची यंत्रं करतात. रोबिदाच्या विसाव्या शतकात स्त्रिया वकिली करतात, त्याने ते गमतीने काढलं असलं तरी.

आणि १९०५ मध्ये मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये बेगम रोकेया सखावत हुसेन यांची कथा आली. तिच्यात पुरुष पडद्याआड आहेत आणि राज्य बायका चालवतात. सूर्याची उष्णता साठवून स्वयंपाक होतो, ढगांतून पाणी ओढून घेतलं जातं, माणसं हवाई गाडीतून फिरतात. कामाला दिवसाचे दोन तास पुरतात, कारण पुरुष कचेरीतले बाकीचे तास चिरूट ओढण्यात घालवत असत, असा हिशेब कथेतल्या बाई मांडून दाखवतात. सौरऊर्जा, पाणी आणि कामाचे तास, तिन्हींचा विचार एका छोट्या कथेत. केन्सच्या पंचवीस वर्षं आधी, आणि ज्यांना शाळेत जायची मुभा नव्हती अशा लेखणीतून.

युरोप-अमेरिकेबाहेर लोकांनी कसलं भविष्य पाहिलं?

इथे चित्राचा विषयच बदलतो. सत्ता हातात असलेल्यांनी भविष्यात यंत्रं पाहिली. परकी सत्ता डोक्यावर असलेल्यांनी आधी स्वातंत्र्य पाहिलं.

१८३५ मध्ये कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातल्या कैलाशचंद्र दत्त या विद्यार्थ्याने १९४५ सालातल्या अठ्ठेचाळीस तासांची कथा इंग्रजीत लिहून छापली. तिच्यात तरुण ब्रिटिश सत्तेविरुद्ध शस्त्र उचलतात, हरतात आणि त्यांच्या म्होरक्याला देहदंड होतो. १८५७ चा उठाव व्हायला अजून बावीस वर्षं होती. कथेचं साल प्रत्यक्ष स्वातंत्र्याच्या सालापासून, १९४७ पासून, अवघ्या दोन वर्षांवर आहे, पण मला विलक्षण वाटतो तो शेवट. कल्पनेतही या मुलाने सोपा विजय मागितला नाही. दहा वर्षांनी, १८४५ मध्ये, शशीचंद्र दत्त यांनी विसाव्या शतकातल्या ओरिसा प्रजासत्ताकाची कथा लिहिली.

चिनी सुधारक लियांग छिचाओ यांनी परागंदा असताना, १९०२ मध्ये, १९६२ च्या बलाढ्य चीनवर कादंबरी सुरू केली. सुरुवातीलाच शांघायमध्ये भव्य जागतिक प्रदर्शन भरलंय आणि जगभरचे विद्वान व्याख्यान ऐकायला आले आहेत. कादंबरी अपुरी राहिली. शांघायमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं २०१० मध्ये.

ही चित्रं काढायला पैसे कोण देत होतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. चित्राखाली प्रायोजकाचं नाव असेल तर ते आधी वाचावं. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात सर्वांत लांब रांगा 'फ्युचरामा'समोर लागत. नॉर्मन बेल गेडीसने १९६० सालच्या अमेरिकेची प्रचंड प्रतिकृती उभारली होती: सुमारे पाच लाख छोट्या इमारती, हजारो धावत्या मोटारी, अनेक पदरी महामार्ग. प्रेक्षक सरकत्या खुर्च्यांवर बसून वरून हे सगळं पाहत आणि बाहेर पडताना त्यांना 'मी भविष्य पाहिलं आहे' असा बिल्ला मिळे. पैसे जनरल मोटर्सचे होते. मोटार कंपनीने दाखवलेल्या भविष्यात मोटारी असणार, हे उघडच आहे. पण ते महामार्ग सरकारने करदात्यांच्या पैशातून बांधायचे होते. १९५६ मध्ये अमेरिकेत तसा कायदा झाला आणि ४१,००० मैलांचं जाळं मंजूर झालं. हे भाकीत खरं ठरलं त्याला ते पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं हेही एक कारण आहे.

समाजमाध्यमांवर फिरणारी जुनी भाकितं कितपत खरी असतात?

बरीचशी बनावट. इंग्लंडमधल्या मदर शिप्टन या भविष्यवेत्तीच्या नावावर घोड्यांशिवाय धावणाऱ्या गाड्यांच्या ओळी सांगितल्या जातात. त्या १८६२ च्या आवृत्तीत चार्ल्स हिंडलीने स्वतः घुसवल्या आणि १८७३ मध्ये तसं कबूल केलं. त्याच ओळींमध्ये १८८१ मध्ये जग बुडणार असंही होतं, आणि लोक घाबरलेही होते. "शोध लावण्यासारखं सगळं लावून झालं" हे वाक्य अमेरिकी पेटंट कार्यालयाचे आयुक्त चार्ल्स ड्युएल यांच्या नावावर खपवलं जातं. ते असं म्हणाल्याचा पुरावा नाही. जगात पाच संगणकांपुरतीच बाजारपेठ आहे, हे आयबीएमच्या थॉमस वॉटसनचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्यही तसंच. लंडनचे रस्ते घोड्यांच्या लिदीखाली नऊ फूट गाडले जातील, हे १८९४ च्या 'टाइम्स'मधलं म्हणून दिलं जाणारं भाकीतही त्या अंकांमध्ये सापडलेलं नाही.

तपासायची रीत साधी आहे. मूळ छापील पान सापडतं का, आणि ते घटनेच्या आधीच्या तारखेचं आहे का, एवढंच पाहा. माणसं किती चुकीची होती किंवा किती द्रष्टी होती, हे एका वाक्यात सांगणारं अवतरण दिसलं की आधी शंका घ्या.

एखादं जुनं भविष्यचित्र हाती लागलं तर ते कसं वाचावं?

मी तरी आधी तारीख पाहतो, मग ते कोणी छापलं ते. त्यानंतर चित्रातलं यंत्र बोटाने झाकून उरलेलं चित्र पाहतो: कपडे कोणते, काम कोण करतंय, बसलंय कोण, उभं कोण, आणि कोण चित्रात नाहीच. अभ्यासच करायचा असेल तर एक विषय धरा, समजा स्वयंपाकघर किंवा शाळा, आणि १८८० ते १९७० पर्यंतची त्याच विषयाची चित्रं दशकवार शेजारी मांडा. उपकरणं दर दशकात बदलताना दिसतील. मूठ धरणारा हात केव्हा बदलतो, त्या सालाची नोंद करा आणि त्या सुमारास मताधिकार, शिक्षण किंवा मजुरीचे कोणते कायदे झाले ते शोधा.